ताशी साडेसहा रुपये

सकाळी सात

ओपीडी नऊला उघडते, फोन मात्र त्याच्या बराच आधी. पिशवी गळायची ती बहुतेक पहाटेच. रात्री उठून रिकामी करायचा कंटाळा, भरलेल्या पिशवीचा सगळा भार पोटाला चिकटलेल्या चकतीवर, त्यात माणूस झोपेत कुशीवर वळतो आणि कडेने ओल सुटते. आज सांगलीहून एक ताई बोलत होत्या. नवऱ्याचे कपडे, चादर, गादीचे कव्हर भिजत टाकून मग फोन केला होता.

"आज कितवा दिवस?"

"सहावा."

"चौथ्याला बदलायची ठरली होती ना?"

"हो सिस्टर, पण पगार एक तारखेला. तोवर ओढू म्हटलं."

यावर रागावून उपयोग नसतो. कातडी लाल आहे का, पाणी सुटलंय का, घरात पावडर उरली आहे का, एवढे विचारून फोटो पाठवायला सांगितला.

मी पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात स्टोमा नर्स आहे. कॅन्सर, आतड्याला पडलेला पीळ, अपघात, अशा कुठल्या ना कुठल्या कारणाने ज्यांच्या आतड्याचे तोंड सर्जनने पोटावर आणून बसवले आहे, ती माझी माणसे. मोठ्या आतड्याचे तोंड असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचे असेल तर इलिओस्टॉमी, मूत्राशय काढलेल्यांची युरोस्टॉमी. या तोंडाला स्नायूंचे कुलूप नसते, जे यायचे ते त्याच्या वेळेला येते. म्हणून त्यावर पिशवी. जागा आखणे, पिशवी लावायला शिकवणे, कातडी सांभाळणे, हे माझे काम असे नेमणूकपत्रात लिहिले आहे. पैशाचा उल्लेख त्यात कुठे नाही, आणि निम्मा दिवस त्यातच जातो.

पावणेआठ, बसमध्ये

हिशेब एकदाच मांडते. पोटाला चिकटते ती चकती म्हणजे फ्लँज, आणि तिच्या कड्यावर दाबून बसवायची ती पिशवी. आमच्या शेजारच्या दुकानात चांगल्या कंपनीची फ्लँज चारशेच्या आसपास, पिशवी सव्वादोनशेच्या. एक जोडी चार दिवस चालली तर दिवसाला दीडशेच्या वर, म्हणजे ताशी साडेसहा रुपये. झोपेतसुद्धा. महिन्याला साडेचार हजारांच्या वर आणि वर्षाला पंचावन्न हजारांच्या पुढे. पेस्ट, पावडर, पट्टा यात धरलेले नाही.

चाराचे सहा दिवस केले की दिवसाला पन्नास रुपये वाचतात, महिन्याला दीड हजार. ज्याच्या घरात पगार वीस हजारांचा आहे त्याला हा मोह पडणारच. पण खालून गळून कातडी सोलवटली की ओल्या जागेवर नवी फ्लँज धरत नाही, रोज एक जोडी जाते. असे चार दिवस गेले की महिनाभराची बचत त्यात बुडून वर पदरचे जातात. इलिओस्टॉमीत हे फार लवकर होते. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मळात पाचकरस असतात आणि ते भाकरी आणि कातडी यांत फरक करत नाहीत.

नऊ

वॉर्डात एका मावशींच्या पोटावर खूण करायची होती, शस्त्रक्रिया उद्या. मंडईबाहेर भाजी विकतात. झोपलेल्या पोटावर सगळीकडे सपाटच दिसते, म्हणून आधी बसवले, उभे केले, पुढे वाकायला लावले. परकराची नाडी कुठे येते, बसल्यावर वळी कुठे पडते, हे बोटाने चाचपले. पाटी कुठल्या कमरेवर घेता, असे विचारल्यावर त्या हसल्या. "डाव्या. का?" स्टोमा उजवीकडे यायचा होता, बरे झाले. त्यांना स्वतःला मान वाकवून दिसेल अशा जागी ठिपका काढला. वळीत आलेल्या स्टोमावर कितीही महाग पिशवी लावा, दोन दिवस टिकत नाही. पुढचा सगळा खर्च या ठिपक्यावर ठरतो, आणि तो इमर्जन्सीच्या रात्री काढायला कोणाला सवड नसते.

मुलगा रिक्षा चालवतो. त्याने दारातच गाठले. "मेडिक्लेम आहे आमचा, पाच लाखांचा. त्यात पिशव्या येतात ना?"

ऑपरेशन येते, खाट येते, औषधे येतात, दाखल असताना लागलेल्या पिशव्याही बहुतेक वेळा येतात. घरी गेल्यावरचा खर्च मात्र डिस्चार्जपासून ठरावीक दिवसच. अनेक पॉलिसींत ते दिवस साठ असतात, काहींत नव्वद, महागड्यांत एकशे ऐंशी. याच्याकडे साठ. मावशींचा स्टोमा तात्पुरता आहे, खालचा जोड भरून आला की आतडे परत आत जाईल. केमो लागली नाही तर दोन-तीन महिन्यांत. लागली तर ती संपेपर्यंत थांबावे लागते, म्हणजे सहा-आठ महिने सहज. पॉलिसीने मोजलेले दिवस आणि आतड्याला लागणारे दिवस यांचा मेळ बसवायला कोणी बसलेले नाही. त्याला सांगितले, तिसऱ्या महिन्यापासूनचे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेव.

साडेदहा

ओपीडी. आज सर्वांत जास्त वेळ गेला तो एका काकांवर. निवृत्त लेखनिक, सगळ्या कागदांची फाइल, फाइलला दोरा. शस्त्रक्रियेला दोन महिने होत आले आहेत आणि इलिओस्टॉमीभोवती दोन बोटे रुंदीची लालभडक कड.

फ्लँज काढताना आधी लक्षात आला तो वास, खोबरेल तेलाचा. चिकट सुटावे म्हणून लोक तेल लावतात, मग तेलकट कातडीवर पुढची फ्लँज बसत नाही. कोमट पाण्याने धुतले, साबण नाही, टिपून कोरडे केले. मापाचा पुठ्ठा लावला. स्टोमा अठ्ठावीस मिलिमीटरचा भरला. हातातली नवी फ्लँज पाहिली तर तिला कंपनीतून कापून आलेले भोक होते पस्तीसचे.

"हे माप कधीचं, काका?"

"डिस्चार्जचं. नऊ डबे घेऊन ठेवलेत."

शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो. पुढे सहा-आठ आठवड्यांत तो आकसत जातो, म्हणून तेवढे दिवस दर आठवड्याला मोजायचे आणि कात्रीने कापायच्या फ्लँजच वापरायच्या, हे मी प्रत्येकाला सांगते. यांनाही सांगितले होते. पण विमा एजंटने त्यांना दुसरा सल्ला दिला. साठ दिवसांतलीच बिले पास होतात, तेव्हा पुढचा साठा आत्ताच घेऊन टाका. एजंटच्या बाजूने पाहिले तर सल्ला बरोबर होता. फक्त आतड्याला ते माहीत नव्हते. भोवतीची साडेतीन मिलिमीटर उघडी पडलेली कातडी रोज पाचकरसात भिजत राहिली.

पावडर भुरभुरवून जास्तीची फुंकून टाकली, मोकळ्या कडेला पेस्टची बारीक रेघ ओढली, कापायची फ्लँज तीसवर कापली. लावण्याआधी पाच मिनिटे त्यांना ती काखेत धरायला सांगितली. अंगाच्या उबेने चिकट मऊ होतो आणि चांगला धरतो. हाताने दाबून बसलेले असताना ते म्हणाले, "त्या नऊ डब्यांचं काय?" न उघडलेले डबे दुकानदार परत घेईल. पण घेतले तर त्यांचे बिल क्लेममध्ये लावता येणार नाही, हे त्यांनी स्वतःच ओळखले आणि दोरा पुन्हा बांधला.

त्यानंतर एक कोलोस्टॉमीच्या बाई आल्या, त्यांचे काम दहा मिनिटांत झाले. डाव्या बाजूची, आतड्याच्या शेवटच्या भागातली कायमची कोलोस्टॉमी असेल आणि सर्जनची परवानगी असेल, तर स्टोमातून कोमट पाणी देऊन आतडे धुता येते, म्हणजे इरिगेशन. तासभर न्हाणीघरात बसावे लागते, पण नंतर दिवसभर, कधी दोन दिवसही, काही येत नाही आणि छोट्या झाकणावर भागते. इरिगेशनचा संच एकदाच घ्यायचा. त्यांचा पिशव्यांचा खर्च यामुळे नावापुरता उरला आहे. इलिओस्टॉमीला हे चालत नाही. आणि चाळीत सकाळी एका संडासापुढे रांग असेल, तर कोलोस्टॉमीलाही चालत नाही.

बारा

टीपीए डेस्क, म्हणजे विम्याचे कागद जिथून जातात ती खिडकी. इथे बसणारी मुलगी हुशार आहे. विमा कंपनीची क्वेरी आली की मला खालून हाक मारते. आजच्या क्वेरीत डिस्चार्जनंतरची दोन बिले पूर्ण कापली होती. कारण, 'नॉन-मेडिकल'. बिलावर दुकानदाराने लिहिले होते, कोलोस्टॉमी किट, नग एक.

विमा नियामकाने २०१९ साली पॉलिसीतून वगळायच्या गोष्टींचे प्रमाणीकरण केले. त्यात पैसे न मिळणाऱ्या ६८ वस्तूंची एक यादी आहे. बेबी फूड, टेलिफोन, टीव्हीचे पैसे, मिनरल वॉटर. हे कोणीही मान्य करेल. पण त्याच यादीत पोटाचा पट्टा आहे, हातमोजे आहेत, मास्क आहे, क्रीम-पावडर-लोशन आहे. आणि एक बाब आहे, तपशील न दिलेले कोणतेही किट. स्टोमाच्या पिशवीचे नाव माझ्या पाहण्यात तरी त्या यादीत नाही. तिला 'किट' म्हटले की ती आपल्या पायाने त्यात जाऊन बसते.

म्हणून दुरुस्ती ठरलेली. दुकानातून वस्तूगणिक बिल, फ्लँज किती, पिशव्या किती, माप, बॅच नंबर. सर्जनचे प्रिस्क्रिप्शन, ज्यात निदान, स्टोमाचा प्रकार, महिन्याला किती नग आणि किती महिने. सोबत चार ओळींचे पत्र, की या रुग्णाला मलविसर्जनावर ताबा नाही आणि पिशवी नसेल तर जखम व कातडी दूषित होईल. पट्टा आणि हातमोजे वेगळ्या बिलावर. ते कापले जाणार, जाऊ द्यावेत, त्यांच्यासाठी पिशव्या अडकवू नयेत. एवढे केल्यावर क्लेम पास होतोच असे नाही. काही पॉलिसींच्या अटींतच बाह्य उपकरणे वगळलेली असतात. तिथे माझे पत्र म्हणजे रद्दी. तेव्हा मी नातेवाइकांकडे रंगीत माहितीपत्रक मागत नाही, अटींची बारीक अक्षरांची पाने मागते.

हल्ली 'कन्झ्युमेबल' कव्हर वेगळा हप्ता घेऊन विकतात. लोक आनंदाने घेतात आणि समजतात की आता पिशव्यांची चिंता मिटली. ते कव्हर दाखल असतानाच्या वस्तूंपुरते असते. रुग्णालयाचे दार ओलांडले की संपले.

मुलीने विचारले, लोकपालाकडे पाठवू का यांना? विमा लोकपालाची कार्यालये पुण्यात आणि मुंबईत दोन्हीकडे आहेत, फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्यायचे, महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला तर लोकपालाकडे, नकारापासून वर्षाच्या आत. रस्ता चांगला आहे. पण बिले अकरा-बारा हजारांची असतात, माणूस केमोतून आलेला असतो, आणि कंपनीलाही ठाऊक असते की एवढ्यासाठी फार कोणी जिने चढत नाही. लाखाची कापाकापी केली असती तर घरातल्या चार जणांनी धाव घेतली असती.

दीड

डबा. आज मेथीची भाजी. पोटावर चिकटणाऱ्या पिशवीची कल्पनाही एका नर्सचीच, हे मी टीपीएच्या मुलीला सांगितले. एलिसे सोरेन्सन, डेन्मार्कची. १९५४ साली बहिणीला स्टोमा झाला, ती घराबाहेर पडायला घाबरू लागली, म्हणून हिने ती कल्पना काढली. पुढे त्यातून एक मोठी कंपनी उभी राहिली आणि तिचीच फ्लँज आज आम्ही चारशेला घेतो. "आणि तिकडे लोकांना कितीला पडते?" असे तिने विचारले. इंग्लंडमध्ये कायमचा स्टोमा असलेल्याला प्रिस्क्रिप्शनवर फुकट. तिने डब्याचे झाकण लावले आणि क्वेऱ्यांकडे गेली.

अडीच

समाजसेवा विभाग. जालन्याकडचे एक दादा, कोरडवाहू शेती, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झालेली. या योजनेबद्दल वाकडे बोलणार नाही. पाच लाखांपर्यंतचे संरक्षण, २०२३ला ते राज्यातल्या सगळ्यांसाठी खुले करायचा निर्णय झाला, आणि आरोग्यमित्राने कागद जमवून दिले म्हणून हा माणूस आज जिवंत समोर बसला आहे. योजना पॅकेजवर चालते, पॅकेज शस्त्रक्रियेचे असते, त्यात घरी गेल्यावरची थोड्या दिवसांची औषधे असतात. त्यापुढच्या पिशव्यांचे पॅकेज नाही.

आमचे रुग्णालय धर्मादाय असल्यामुळे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव, त्यांच्या उपचारांसाठी बिलांच्या दोन टक्क्यांचा निधी. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ही योजना लागू केली. पण त्या निधीचा विचारही खाटेभोवतीच फिरतो. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्टोमा नाही, त्यामुळे तिकडचाही दाखला मिळत नाही.

दादा गावाकडे काय वापरत होते? शर्ट वर करून दाखवले. दुधाची जाड पिशवी, कापडी पट्टीने बांधलेली, कडेला जुन्या धोतराची घडी. बांधणी इतकी नीट होती की मी दोनदा पाहिली. तालुक्याच्या मेडिकलमध्ये फ्लँज हा शब्दच कोणाला माहीत नाही. पुण्याहून मागवायची तर पार्सलचे पैसे वेगळे.

इथे माझे कपाट कामी येते. ज्यांचा स्टोमा बंद झाला त्यांची उरलेली खोकी, आणि जे गेले त्यांच्या घरच्यांनी आणून दिलेली. ती आणणारे लोक बसत नाहीत, खोके ठेवतात आणि निघतात. मी मुदत तपासते, मापानुसार लावते, वहीत चढवते. अडचण अशी की एका कंपनीची पिशवी दुसरीच्या फ्लँजवर बसत नाही. कपाटात ५७ मिलिमीटरच्या पिशव्या ढीगभर आणि त्यांना जुळणाऱ्या फ्लँज दोन, असा प्रकार नेहमीचा. दादांना आज एका भागाच्या, म्हणजे फ्लँज जोडूनच येणाऱ्या, पिशव्या निघाल्या, दीड महिन्याच्या. नंतरसाठी रबरी कडे आणि पट्ट्याची स्वस्त देशी पिशवी दाखवली. ती धुऊन वापरता येते, थोडा वास धरते, पण त्यांना कोलोस्टॉमी आहे, मळ घट्ट येतो, भागेल.

चार

रेसिडेंट डॉक्टर डिस्चार्ज समरी टाइप करत होता. मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले. त्याला ते आवडत नाही, पण विम्याचा माणूस पुढे हाच एक कागद वाचतो. दोन पाने शस्त्रक्रियेचे वर्णन, कुठला टाका कुठे घातला, आणि शेवटी एकच ओळ, 'स्टोमा केअर समजावली.'

"इथे लिहा, रुग्णाला इलिओस्टॉमी आहे, अंदाजे अमुक महिने, फ्लँज आणि पिशव्या आवश्यक, महिन्याला इतके नग."

"सिस्टर, ते प्रिस्क्रिप्शनवर असतंच की."

"प्रिस्क्रिप्शन हरवतं. समरी जपून ठेवतात."

त्याने लिहिले. २०२४च्या परिपत्रकाने कंपन्यांना डिस्चार्जची कॅशलेस मंजुरी तीन तासांत द्यायला सांगितले आहे, ते बरेच झाले. पण त्या तीन तासांच्या घाईत समरी आणखी आखूड होऊ लागली आहे, असे मला वाटते.

साडेपाच

घरी जाताना सर्जिकलच्या दुकानात डोकावते. दुकानदार पेशंटला पाहून डबा फोडतो, सुटी फ्लँज देतो. पाच एकदम घेण्याची ऐपत सगळ्यांची नसते. सुट्या मालालाही पक्के बिल दे, हे त्याला पटवायला वेळ लागला, आता तो देतो. 'किट' लिहिणे त्याने बंद केले आहे. काकांच्या नऊ डब्यांपैकी सात त्याने परत घ्यायचे कबूल केले, दोन फोडलेले होते.

साडेसात

शेवटचा फोन चाकणच्या एका मुलाचा. कारखान्यात ऑपरेटर, वय तिशीच्या आत, कायमची इलिओस्टॉमी. आत्तापर्यंत ईएसआयमधून, म्हणजे कामगार राज्य विम्यातून, साहित्य मिळत होते. पगार वाढला आणि एकवीस हजारांच्या मर्यादेपलीकडे गेला, त्यामुळे चालू सहामाही संपली की तो त्यातून बाहेर. वाढ मिळाली बावीसशे रुपयांची, पिशव्या साडेचार हजारांच्या. आता कंपनीची ग्रुप पॉलिसी. अटींचे पान त्याने फोटो काढून पाठवले, बाह्य उपकरणे सरळ वगळलेली.

वैयक्तिक पॉलिसीत अशा ठिकाणी हात टेकावे लागतात. ग्रुप पॉलिसीचे नूतनीकरण करताना मालक विमा कंपनीशी बोलून अटी वाढवून घेऊ शकतो, ओपीडीची रक्कम ठेवू शकतो. मागणारा मात्र पाहिजे. एप्रिलच्या आत एचआरला पत्र द्यायचे, असे ठरले.

"त्यात नक्की काय लिहू? 'शस्त्रक्रियेनंतरचे साहित्य' एवढंच लिहिलं तर? लाइनवर कोणाला माहीत नाही."

"पत्र फक्त एचआरच्या प्रमुखाच्या नावे, बंद पाकिटात. आणि आत सगळं स्पष्ट लिही, नाहीतर ते 'साहित्य' म्हणून पहिल्यांदा कापतील. फ्लँज महिन्याला आठ, पिशव्या आठ, पावडर दोन महिन्यांतून एक."

तो लिहून घेत होता. मग म्हणाला, "मागतोच आहे तर दहा लिहू का?"

"आठच लिही. वर्षभर तुझी बिलं आठचीच निघणार आहेत."